घराचा व्यवहार आणि वकील : केव्हा, कशासाठी आणि कोणाचा?

श्रावस्तीच्या जेतवनाची कथा आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. अनाथपिंडिकाने गाड्या भरून नाणी आणली, उद्यानाच्या भूमीवर ती अंथरली आणि ते उद्यान बुद्धप्रमुख भिक्षुसंघाला अर्पण केले. भरहुतच्या स्तूपावर हा प्रसंग कोरलेला आहे. बैल गाडीपासून सोडलेले आहेत आणि माणसे जमिनीवर चौकोनी नाणी मांडीत आहेत.

विनयपिटकातील चुल्लवग्गात या कथेचा जो मधला भाग येतो, तो मात्र सहसा कोणी सांगत नाही. जेत राजकुमाराला उद्यान विकायचे नव्हते. सारी भूमी नाण्यांनी झाकली तरी ते मिळणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. अनाथपिंडिकाने ते शब्द पकडले आणि सौदा झाला असे म्हटले. राजकुमार म्हणाला, झालेला नाही. वाद मिटेना, तेव्हा दोघेही न्यायाधिकाऱ्यांकडे गेले. पालीत त्यांना ‘वोहारिक महामत्त’ म्हटले आहे, म्हणजे व्यवहारांचे निवाडे करणारे महामात्य. राजकुमाराने किंमत उच्चारली त्याच क्षणी उद्यान विकले गेले, असा निर्णय त्यांनी दिला. इतक्या पवित्र हेतूने झालेला जमिनीचा व्यवहार, तोही राजकुमार आणि महाश्रेष्ठी यांच्यातील; पण कायदा जाणणाऱ्या तिसऱ्या माणसावाचून तो पुरा झाला नाही.

आजचा कायदा त्या महामात्यांपेक्षा अधिक कठोर आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री केवळ नोंदणीकृत दस्तानेच होते. शब्दाने होत नाही, पैसे मोजल्याने होत नाही आणि साठेखतानेही होत नाही. साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार असतो, त्याने मालकी येत नाही. मालकी येते ती खरेदीखत नोंदल्यावर.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात गेली अनेक वर्षे मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. घर घेतो आहोत, किंवा वडिलांचे घर विकतो आहोत. यासाठी वकील केलाच पाहिजे का? नोंदणी कार्यालयाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझी नोकरी झाली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी वकील नाही, त्यामुळे उत्तरात माझा स्वार्थ नाही. वकील केलाच पाहिजे असे कोणताही कायदा म्हणत नाही. खरेदीदार आणि विक्रेता यांनी स्वतः लिहिलेला दस्तही नोंदला जातो. मी असे पुष्कळ दस्त पाहिले. त्यांतले काही वकिलांच्या मसुद्यांपेक्षा नेटके होते. तरीही बहुतेकांना मी वकील करा असेच सांगतो. मात्र लोक ज्या दिवशी आणि ज्या कामासाठी वकील करतात, तो दिवस आणि ते काम दोन्ही बहुधा चुकीचे असतात.

शिक्का कशाचा?

रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदा माझ्या टेबलापाशी आले. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी शहराच्या कडेला दोन खोल्यांचे घर घेतले होते. खरेदीखत नोंदलेले, मुद्रांक शुल्क पूर्ण भरलेले, छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे जागच्या जागी. दोन वर्षांनी विक्रेत्याच्या विवाहित बहिणीकडून वकिलाची नोटीस आली. घर मुळात त्या भावंडांच्या वडिलांचे होते. आई आधीच गेलेली, वडील मृत्युपत्र न करता वारलेले. मुलाने घरपट्टीला आपले नाव लावून घेतले आणि सगळे घर आपलेच म्हणून विकून टाकले. त्या गृहस्थांनी दस्त माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “साहेब, यावर तुमच्याच कार्यालयाचा शिक्का आहे ना?”

शिक्का आमचाच होता. तो कशाचा असतो, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते. नोंदणी करणारा अधिकारी पाहतो ते असे : दस्त लिहून देणारा समोर आला आहे का, सही आपलीच आहे असे तो कबूल करतो का, त्याची ओळख पटली का, मुद्रांक शुल्क पुरेसे आहे का, सहीपासून चार महिन्यांच्या मुदतीत दस्त सादर झाला का, आणि नियमांनी मागितलेले ठरावीक कागद व परवानग्या जोडलेल्या आहेत का. विकणारा माणूस खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तो करीत नाही. त्याला तो अधिकारच नाही. तामिळनाडूतील एका नोंदणी नियमाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हीच गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. सातबारा आणि फेरफार यांचेही तसेच आहे. ती महसुलाची दप्तरे आहेत. नाव लागले म्हणून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. घरपट्टीची पावती तर त्याहून दुबळी. घरपट्टी कोणीही भरू शकतो.

त्या गृहस्थांच्या प्रकरणात शेवटी तडजोड झाली. बहिणीने आपल्या अर्ध्या हिश्श्याचे स्वतंत्र खरेदीखत करून दिले आणि त्यासाठी त्यांना दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागले. धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेली रक्कम त्यात गेली. विक्रेत्याकडून पैसे परत मिळवण्याचा दावा वेगळाच चालू राहिला. त्यांनी वकील केला नव्हता असे नाही. नोंदणीच्या दिवशी त्यांच्याबरोबर काळा कोट होता. त्या कोटाने दस्ताची पाने मोजली, सह्या कुठे करायच्या ते दाखवले आणि फी घेतली. वडिलांचे वारस किती, एवढा एक प्रश्न महिनाभर आधी कोणी विचारला असता तर पुढचे सारे टळले असते.

कायदा खरेदीदाराकडून किती सावधपणाची अपेक्षा करतो, हे फार थोड्यांना माहीत असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे, मिळकतीबाबत आधी नोंदला गेलेला दस्त तुम्ही वाचला नसला तरी तो तुम्हाला माहीत होता असेच धरले जाते. दुसरे त्याहून बारीक आहे. मिळकतीच्या प्रत्यक्ष ताब्यात कोणी असेल, तर त्या माणसाचा जो काही हक्क असेल तोही तुम्हाला ठाऊक होता असे मानले जाते. मागच्या खोलीत राहणारी विक्रेत्याची वहिनी ‘जाईल हो पुढच्या महिन्यात’ म्हणून ज्यांनी सोडून दिली, त्यांच्यासाठी हे वाक्य लिहिले आहे. कलम ५५ प्रमाणे विक्रेत्याने मिळकतीतील आणि मालकीतील दोष सांगितले पाहिजेत हे खरे, पण कोणते? जे त्याला माहीत आहेत आणि जे खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊनही सापडले नसते. शोध घेतला असता जे दिसले असते, त्याबद्दल गाऱ्हाणे मांडायला जागा फार थोडी उरते.

वकील आहे, पण कोणाचा?

‘वकील कशाला? बँकेच्या वकिलाने सगळे तपासले आहे.’ हे वाक्य मी सर्वांत अधिक ऐकले. गृहकर्ज देताना बँक आपल्या पॅनेलवरील वकिलाकडून शोध अहवाल घेते, हे खरे आहे. त्याची फी बहुधा कर्जदाराच्याच खिशातून जाते, हेही खरे. परंतु तो अहवाल बँकेला उद्देशून लिहिलेला असतो आणि त्या वकिलाचे पक्षकार बँकच असते. बँकेपुढचा प्रश्न इतकाच की, कर्ज थकले तर ही मिळकत विकून आपले पैसे वसूल होतील का. तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. तुम्हाला तिथे राहायचे आहे, मुलांना ठेवून जायचे आहे. ताबा कधी मिळणार, थकलेला देखभाल खर्च कोण भरणार, वाहनतळाची जागा दस्तात आहे की तोंडी, सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का. यातल्या अनेक गोष्टींशी बँकेला फारसे कर्तव्य नसते. शिवाय कर्ज मिळकतीच्या किमतीच्या काही हिश्श्याएवढेच असते. उरलेला हिस्सा, म्हणजे तुमची आयुष्यभराची बचत, तो अहवाल मोजत नाही. बँकेने कागद नाकारले तर व्यवहार सोडून द्यावा, हा संकेत पक्का. बँकेने होकार दिला म्हणून निश्चिंत व्हावे, हे त्याचे उलट रूप मात्र खरे नाही.

बिल्डरने किंवा विक्रेत्याने दिलेल्या वकिलाबद्दल फार लिहायला नको. ‘दोघांचा मिळून एकच वकील, खर्च अर्धा-अर्धा’ ही सूचना ऐकायला बंधुभावाची वाटते. परंतु दोन्ही पक्षांचे हित जिथे वेगळे होते, नेमकी तिथेच वकिलाची गरज असते. आणि तिथेच तो एक वकील गप्प बसतो. दस्तलेखक आणि मुद्रांक विक्रेते यांच्याविषयी मला आदर आहे. नमुन्यात नावे, क्षेत्र आणि चतुःसीमा भरण्याचे त्यांचे काम अनेकदा निर्दोष असते. पण त्यांच्याकडे आलेली माहिती खरी आहे की नाही हे पाहणे त्यांचे काम नव्हे. दलालाची दलाली व्यवहार झाला तरच मिळते. वकिलाला मात्र व्यवहार मोडा असे सांगूनही फी मिळते. दोघांच्या सल्ल्यातील फरक समजण्यासाठी एवढे पुरे.

ही फी किती, याचा बाऊ केला जातो. साध्या व्यवहारात शोध, मसुदा आणि नोंदणीच्या दिवशीची हजेरी यांचा एकत्र खर्च दलालीपेक्षा बहुधा कमीच भरतो. तीस लाखांच्या घरावर नोंदणी शुल्कच एक टक्क्याने तीस हजार रुपये होते आणि मुद्रांक शुल्क त्याच्या कित्येक पट. ते मुकाट्याने भरणारे लोक वकिलाच्या फीपाशी येऊन घासाघीस करतात, हे मी रोज पाहिले.

वकिलावाचून निभावते असे व्यवहार आहेत का? आहेत. नामांकित सरकारी संस्थेकडून थेट मिळालेले घर, जिथे मसुदा ठरलेला असतो आणि त्यातील शब्द बदलता येत नाही, तिथे वकील फारसे काही करू शकत नाही. आई-वडिलांनी मुलाला केलेल्या साध्या बक्षीसपत्रात, भावंडांचा वाद नसेल तर, जाणकार दस्तलेखक पुरतो. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातील नवे घर घेताना करारनाम्याचा नमुना बराचसा ठरलेला असतो, प्रकल्पाची कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात, आणि इंग्रजी वाचणारी तुमची मुलगी त्यातील निम्मे काम करू शकते. तरीही करारनामा एकदा कोणा वकिलाला पैसे देऊन वाचायला द्यावा, असे मी म्हणेन. तासाभराचे काम आहे.

आपल्या घरांचे काही विशेष प्रश्न

आपल्या समाजातील अनेक घरांत स्वतःच्या नावाचे घर घेणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी आहे. आजोबांकडे सातबारा नव्हता. असला तर वतनाचा होता. कागद वाचण्याची सवय घरात मुरलेली नसते. शिवाय आपल्याकडच्या मिळकतींना काही विशिष्ट अटी चिकटलेल्या असतात. त्यांची माहिती सर्वसाधारण दलालाला नसते. कधी असते आणि म्हणूनच तो घाई करतो.

वतनाच्या जमिनींचेच पाहा. महार वतनाने माणसे गावाला जखडली जातात हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कनिष्ठ गाववतने नाहीशी करणाऱ्या कायद्याने ही वतने संपली आणि जमिनी वतनदार कुटुंबांना पुनर्प्रदान झाल्या, पण शर्तीवर. सातबाऱ्यावर ‘नवीन शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे दिसले की थांबावे. अशा जमिनीचे हस्तांतरण, विशेषतः बिगरशेती वापरासाठी, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशी आणि नजराण्याशी बांधलेले असते. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. शहरांलगतच्या कितीतरी वसाहती अशा जमिनींवर प्लॉट पाडून उभ्या राहिल्या आहेत. तिथे घर घेणाराही बहुधा आपलाच आणि ज्याची जमीन अल्प मोबदल्यात गेली तोही आपलाच, हे दुःख वेगळे.

शासनाने दिलेल्या जमिनीवरील मागासवर्गीय गृहनिर्माण संस्थांची गोष्ट याच जातीची आहे. यांतील अनेक संस्था ‘पी.डब्ल्यू.आर. २१९’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेतील आहेत. तिथे सदनिका विकताना सोसायटीचा ठराव पुरत नाही. नवा सदस्य कोण असावा यावर बंधने आहेत आणि शासनाची परवानगी लागते. झोपडपट्टी पुनर्वसनातून किंवा म्हाडाच्या सोडतीतून मिळालेले घर ठरावीक मुदतीच्या आत विकता येत नाही. मुदतीपूर्वी ते ‘कुलमुखत्यारपत्रावर’ विकत देणारे भेटतात आणि घेणारेही. सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निर्विवाद सांगितले की कुलमुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र यांचा जोड देऊन केलेल्या अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही. शिवाय मुखत्यारपत्र देणारा माणूस वारला की सर्वसाधारणपणे ते मुखत्यारपत्रही संपते. मुखत्यार कागद दाखवतो. मूळ मालक हयात आहे का, हे कोणी विचारत नाही. गुंठेवारीतील घरे आणि केवळ नोटरी केलेले कागद यांबद्दलही तेच. २००१ च्या कायद्याने गुंठेवारी नियमित होऊ शकते, पण ‘होऊ शकते’ आणि ‘झाली आहे’ यांत एका आदेशाचे अंतर असते. तो आदेश डोळ्यांनी पाहावा.

आता वारसांचा प्रश्न, ज्यात ते रेल्वेचे गृहस्थ सापडले. धम्मदीक्षा घेतली म्हणजे हिंदू वारसा कायद्यातून आपण सुटलो, असा समज मी सुशिक्षित घरांतही पाहिला. तो बरोबर नाही. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ हा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित घरात पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. मुलींना हा वाटा २००५ मध्ये मिळाला असे अनेकांना वाटते. २००५ ची दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतील जन्मसिद्ध हक्काविषयी होती. बापाच्या स्वतःच्या घरात मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. ‘ताईने तोंडाने सोडले आहे’ या वाक्याला किंमत शून्य. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. सोसायटीतील नामनिर्देशनाचीही अशीच गफलत होते. ज्याचे नाव लावले आहे त्याच्या नावे सोसायटी सदनिका करील, पण वारसांचे मालकीहक्क त्याने बुडत नाहीत. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याच्या मिळकतीतील हिस्सा पालकाने विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागते. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर असा व्यवहार रद्द करून मागू शकतो.

यांपैकी एकही खूण व्यवहारात दिसत असेल, तर ‘वकील करावा का’ हा प्रश्न उरत नाही.

काम कोणते सांगावे?

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. साधारण अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. भिक्षूंच्या अन्नासाठी त्याने एक शेत विकत घेतले, त्याची नोंद त्यात येते. शेत कोणाकडून घेतले ते नाव, ते शेत विक्रेत्याकडे आले कुठून तर त्याच्या वडिलांकडून, ते कुठे आहे तर नगराच्या सीमेवर वायव्येस, आणि किंमत किती तर चार हजार कार्षापणे. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात एका दान-ठेवीचा व्यवहार निगमसभेत ऐकवून रिवाजाप्रमाणे दप्तरात ‘निबद्ध’ केल्याचा उल्लेख आहे. आजचा ‘निबंधक’ हा शब्द त्याच धातूपासून आलेला. विक्रेता कोण, त्याच्याकडे मिळकत कशी आली, ती नेमकी कुठली, मोबदला किती, आणि हे सारे चारचौघांत जाहीर झाले का : चांगला वकील आजही हेच पाच प्रश्न सोडवतो.

म्हणून वकील नेमावा तो इसार देण्यापूर्वी. इसाराची रक्कम हातातून गेली की माणूस आपल्याच चुकीचा वकील होतो आणि प्रत्येक उणिवेला कारणे शोधू लागतो. काम असे सांगावे : तीस वर्षांचा शोध घ्या, पण केवळ संगणकावरचा नव्हे, जुनी सूची क्रमांक दोनची पुस्तके कार्यालयात जाऊन पाहा. मूळ दस्त मागवा, झेरॉक्स नको. मूळ कागद कर्जासाठी कोणाकडे ठेवून गहाण देता येते, म्हणून ‘मूळ प्रत हरवली’ या उत्तरावर पोलीस तक्रार आणि वर्तमानपत्रातील जाहीर सूचना यांवाचून विश्वास ठेवू नये. जाहीर सूचना एरवीही द्यावी. साधारण चौदा दिवसांची मुदत देऊन हरकती मागवतात. खर्च होतो, आणि कधी कधी एखादी ताई पुढे येते. ती खरेदीपूर्वी आली तर ते आपले भाग्यच.

मसुद्यात पैशांचा आणि ताब्याचा क्रम नीट लिहून घ्यावा. शेवटची मोठी रक्कम नोंदणीच्या दिवशी, बँकेमार्फत; ताबा त्याच दिवशी, किल्लीसकट. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून सरकारजमा करायचा असतो. न कापल्यास भुर्दंड खरेदीदारालाच बसतो. ‘थोडे रोखीने द्या, मुद्रांक वाचेल’ असे सांगणारा वकील असेल तर दुसरा पाहावा. मुद्रांक शुल्क मोबदला आणि शासनाचे बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते, रोखीच्या अशा व्यवहारावर आयकर कायद्याची बंदी आहे, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर दस्तात नसलेली रक्कम परत मागता येत नाही.

विक्रेत्याला वकील लागतो का, असे विचारणारे कमी असतात. त्याचा धोका एकच, पण मोठा आहे : पूर्ण पैसे येण्यापूर्वी सही आणि किल्ली जाणे. धनादेश वटण्यापूर्वी ‘संपूर्ण मोबदला मिळाला’ या वाक्याखाली सही करणारे विक्रेते मी पाहिले आहेत. वृद्ध आई-वडिलांचे घर विकताना हे वाक्य मुलांनी स्वतः वाचावे.

ज्यांना फी झेपत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ आहे. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि सर्व महिला यांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत विधी सेवा मिळण्याचा हक्क त्यात आहे, आणि कायदेविषयक सल्ला हा त्या सेवेचाच भाग आहे. १९९० पासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातींचा दर्जा आहे. त्यामुळे जातीचा दाखला असलेले आपले बांधव यात येतात. तालुका आणि जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे कार्यालय असते; १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. शोध अहवाल तिथे तयार करून मिळेल अशी अपेक्षा धरू नये. पण कागदांची पिशवी घेऊन जावे आणि ‘हे घेऊ का’ असे विचारावे. आपल्या शाळेतून शिकून वकील झालेले पुष्कळ आहेत. मेळाव्याच्या दिवशी त्यांनी एक टेबल मांडून बसावे, अशी सूचना मी माजी विद्यार्थी संघाकडे दिली आहे.

जेतवनाच्या कथेत शेवटी एक तपशील येतो. पहिल्या खेपेची नाणी अंथरून झाली आणि प्रवेशद्वाराजवळचा थोडासा भाग उघडा राहिला. अनाथपिंडिकाने आणखी नाणी मागवली, तेव्हा जेत राजकुमाराने तेवढी जागा मला दान करू दे म्हणून विनवले आणि तिथे द्वारकोष्ठक बांधले. मोजणीत कमी पडलेली जागा सोडून देणारे विक्रेते आता भेटत नाहीत. तेव्हा खरेदीखतातील क्षेत्र, मंजूर नकाशावरील क्षेत्र आणि फुटपट्टीने मोजलेले क्षेत्र ही तिन्ही सहीपूर्वी जुळवून घ्यावीत. नोंदणी झाल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घ्यावी, मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर फेरफार झाल्याचे पाहावे, घरपट्टी आणि वीजजोडणी नावे करून घ्यावी, भागदाखल्यावर सोसायटीची नोंद घ्यावी, आणि मूळ खरेदीखत कुठे ठेवले आहे ते घरातल्या मुलीला आणि मुलाला दोघांनाही दाखवून ठेवावे.